‘हवेचा रोध विचारांत घेऊं नये’

पदार्थविज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेंत एखादा दगड किंवा चेंडू अमुक वेगानें, अमुक कोनांतून फेंकला तर तो किती दूर पडेल, असा प्रश्न आला म्हणजे त्याच्या शेवटीं कंसांत एक वाक्य ठरलेलें असतें : ‘हवेचा रोध विचारांत घेऊं नये.’ परीक्षक तें न चुकतां लिहितो, विद्यार्थी न चुकतां त्याप्रमाणें वागतो, आणि दोघांचेंहि समाधान होतें. प्रस्तुत लेखकाचें मात्र या वाक्याशीं भांडण आहे, आणि तें वार्षिकाच्या वाचकांपुढें मांडावें एवढ्याचसाठीं हा लेख आहे.

भांडण वाक्याच्या असण्याशीं नाहीं, हें आधींच सांगितलेलें बरें. इटलींतील गॅलिलिओ यानें १६३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या दोन नव्या विद्यांवरील ग्रंथांत, फेंकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्त नांवाच्या वक्ररेषेचा असतो हें सिद्ध करून दाखविलें. आडव्या दिशेची गति एकसारखी चालते, उभ्या दिशेची गति गुरुत्वाकर्षणानें क्षणोक्षणीं बदलते, आणि या दोहोंच्या मिलाफानें ती कमान उत्पन्न होते. हा विचार इतका सुबक आहे कीं, ज्या मुलास तो एकदां समजला त्यास आपण जगाचें एक कुलूप उघडलें असें वाटावें. परंतु गॅलिलिओनें हवेला गुपचूप दाराबाहेर उभें केलें नव्हतें. हवेमुळें हा मार्ग बिघडतो, आणि बंदुकीच्या गोळीसारख्या अतिवेगवान वस्तूच्या बाबतींत फारच बिघडतो, अशी स्पष्ट कबुली त्यानें त्याच ग्रंथांत दिलेली आहे. ज्यानें विषय सोपा करून सांगितला त्यानें, आपण तो सोपा करीत आहों, हेंहि सांगितलें. आमच्या वर्गांपर्यंत यांतील पहिली गोष्ट येऊन पोहोंचली. दुसरी वाटेंत गळाली. दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पाठांत हवा वगळली जाते तेव्हां ‘तिचा विचार पुढें करूं’ असें शिक्षक सांगतात. अकरावींत प्रक्षेप्य वस्तूंचीं सूत्रें येतात, तेथेंहि ती वगळलेलीच असते. त्यानंतर बहुतेक मुलांचा या विषयाशीं संबंध कायमचा सुटतो. ऋण काढलें, आणि फेडण्याचा दिवस कधीं उगवलाच नाहीं, असा हा व्यवहार आहे.

आतां, हवेनें मार्ग बिघडतो म्हणजे किती बिघडतो? शेंकडा दोनचार बिघडत असेल तर एवढी तक्रार कशाला? आपल्या घराजवळचेंच उदाहरण घेऊं. कसबा पेठेंत लाल महालाच्या जागेवर उभें राहून एखाद्यानें जुन्या तऱ्हेच्या बंदुकीचा बार पंचेचाळीस अंशांच्या कोनांत सोडला अशी कल्पना करा. शिशाची ती वाटोळी गोळी नळींतून निघतांना सेकंदास सुमारें १७०० फूट वेगानें निघते. पुस्तकांतील सूत्रांत हा आंकडा घातला तर ती सुमारें सतरा मैल गेली पाहिजे. कसब्यापासून सिंहगड सरळ रेषेनें तेरा मैलांच्या आंतच आहे. तेव्हां पुस्तकाच्या हिशेबानें ती गोळी मुठा नदी, पर्वती, खडकवासला सारें मागें टाकून सिंहगडाच्याहि पलीकडे जाऊन पडावयास हवी. प्रत्यक्षांत ती मैलभरहि जात नाहीं. मंडई ओलांडील, पण स्वारगेट कांहीं गांठणार नाहीं. ज्या उत्तरांत शेंकडा नव्वदांहून अधिक तफावत आहे त्याला आम्ही पैकीच्या पैकीं गुण देतों, ही गोष्ट थोडी थांबून पाहण्याजोगी आहे.

ही तफावत प्रथम मोजून दाखविणारा गृहस्थ म्हणजे बेंजामिन रॉबिन्स. त्याची हकीकत आमच्या पाठ्यपुस्तकांत नाहीं, म्हणून येथें थोडी विस्तारानें देतों. १७०७ सालीं इंग्लंडांतील बाथ गांवीं क्वेकर पंथाच्या कुटुंबांत त्याचा जन्म झाला. या पंथाचे लोक शस्त्र हातीं धरीत नाहींत, युद्धांत भाग घेत नाहींत. अशा घरांतला हा मुलगा पुढें तोफांच्या विद्येचा आद्य शास्त्रज्ञ व्हावा, हा दैवाचा विचित्र खेळच म्हणावयाचा. त्या काळच्या पंडितांची समजूत अशी होती कीं, हवा इतकी विरळ आणि गोळा इतका जड, तेव्हां त्या बिचारीचा गोळ्यावर परिणाम तो कितीसा होणार? रॉबिन्सनें वाद घातला नाहीं, मोजून पाहिलें. एक जड लांकडी ठोकळा त्यानें लोखंडी दांड्यांवर लंबकाप्रमाणें टांगला. बंदुकीची गोळी त्यांत रुतली कीं ठोकळा मागें झोंका घेई, आणि त्याला अडकविलेली फीत तितकी बाहेर खेंचली जाई. ठोकळ्याचें वजन ठाऊक, गोळीचें वजन ठाऊक, झोंका फितीवर मोजलेला. एवढ्यावरून गोळीचा आघातसमयींचा वेग गणितानें निघतो. मग बंदूक ठोकळ्यापासून दूर न्यावी आणि पुन्हां बार काढावा. वेग जितका घटला तितकें काम हवेचें. इतकें सोपें यंत्र, परंतु तें सुचण्यास गॅलिलिओनंतर शंभर वर्षें जावीं लागलीं.

त्याचा ग्रंथ १७४२ सालीं निघाला आणि युरोपांतील तोफखान्याच्या शाळांत खळबळ उडाली. पाऊण इंच व्यासाच्या शिशाच्या गोळीवर, ती नळींतून निघाल्या क्षणीं, हवेचा जो दाब पडतो तो त्या गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपटींहून अधिक असतो. विचार करा : गुरुत्वाकर्षण गोळीला जितक्या जोरानें खालीं ओढतें त्याच्या शंभरपट जोरानें हवा तिला मागें ढकलते, आणि आम्ही लहान बळाचें गणित करून मोठें बळ सोडून देतों! ऑइलरसारख्या महान् गणितज्ञानें १७४५ सालीं या ग्रंथाचें जर्मन भाषांतर आपल्या विस्तृत टिपांसह प्रसिद्ध केलें. नळीच्या आंत आट्यांसारख्या खोबणी पाडून गोळीला गिरकी दिली तर ती सरळ जाते, आणि भलतीकडे गिरकी घेणारी गोळी बाजूला वळते, याचेंहि विवेचन रॉबिन्सनें केलें. आमच्या क्रिकेटपटूंना फिरकीचा चेंडू हवेंत वळतो हें ठाऊक असतें; त्याचें मूळ येथें आहे. शेवटीं ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची डागडुजी करण्यासाठीं हा मनुष्य हिंदुस्थानांत आला, आणि १७५१ च्या जुलै महिन्यांत कडलूरजवळील सेंट डेव्हिडच्या किल्ल्यांत मरण पावला. हवेचें बळ ज्यानें प्रथम मोजलें त्यानें आपला शेवटचा श्वास आपल्याच देशाच्या हवेंत घेतला, हें आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे?

येथें कोणी म्हणेल कीं, ही परकीयांची विद्या. आमच्याकडे काय होतें? आमच्याकडे शब्द तर भरपूर होते. तोफेचा टप्पा, गर्नाळ, जंबुरा, जेजाला, कुलपी गोळा, रंजक, बत्ती, बाण, ही शब्दसंपत्ति ज्या भाषेंत आहे त्या भाषेच्या लोकांना गोळा कसा उडतो हें हातानें ठाऊक नव्हतें असें कोण म्हणेल? कसब्यांतील तांबट आळींत आजहि हातोड्यांचा ठोका ऐकूं येतो. त्या कारागिरांच्या पूर्वजांनीं पेशव्यांच्या काळीं तोफांच्या कामाला हात लावला होता असें परंपरेनें सांगतात. त्याहूनहि जुनी आपली गोफण. ज्वारीच्या शेतांत माळ्यावर उभा राहून पांखरें हांकणारा पोऱ्या गोफणगुंडा निवडतांना पाहा. चपटा, कोनेरी खडा तो टाकून देतो, वाटोळा उचलतो. पवित्र शास्त्रांतील दाविदानेंहि गल्याथापुढें जाण्यापूर्वीं ओढ्यांतून पांच गुळगुळीत गोटे निवडून घेतले. उपदेशक त्या कथेंतून विश्वासाचा धडा काढतात, तें योग्यच आहे; परंतु त्या मेंढपाळानें हातीं येतील ते पांच दगड उचलले नाहींत, निवडून घेतले, इकडे विज्ञानशिक्षकाचें लक्ष जातें. वांकडातिकडा दगड हवेंत कोलांट्या खातो आणि त्याचा मार्ग आधीं सांगतां येत नाहीं. वाटोळ्याचा सांगतां येतो.

तेव्हां उणीव कसबाची नव्हती. उणीव होती मोजून लिहून ठेवण्याची. याचें ढळढळीत उदाहरण म्हणजे बाण. लोखंडी नळींत दारू ठासून, तिला लांब बांबू बांधून शत्रूवर सोडावयाचे हे बाण मराठ्यांच्या लष्करांतहि होते, परंतु त्यांची खरी करामत हैदर व टिपू यांच्या म्हैसूरच्या फौजेनें दाखविली. १७८० सालीं पोल्लिलूरच्या लढाईंत त्यांनीं इंग्रजांना पाणी पाजलें. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांतील कांहीं बाण इंग्लंडांत वूलिचच्या तोफखान्यांत गेले. तेथें काँग्रीव्ह नांवाच्या अधिकाऱ्यानें त्यांवर प्रयोग केले : दारूचें प्रमाण बदलून पाहिलें, काठीची लांबी बदलून पाहिली, टप्पे मोजले, कोष्टकें केलीं. कांहीं वर्षांतच तो बाण ‘काँग्रीव्हचा बाण’ म्हणून जगभर गाजूं लागला. बाण आमचा आणि नांव दुसऱ्याचें, म्हणून आम्ही हळहळतों. परंतु ज्यानें मोजलें त्याचें नांव राहिलें, यांत अन्याय कितीसा आहे? १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांच्या कुलपी गोळ्यांनीं रायगडावरील वाडे पेटले आणि गड हातचा गेला. त्या दिवसाविषयीं आम्ही दुःख पुष्कळ करतों. तो गोळा कोणत्या कोनांत, किती उंच चढून तटाच्या आंत उतरला, असें विचारणारा विद्यार्थी प्रस्तुत लेखकास अजून भेटावयाचा आहे.

परंतु जुन्या लढाया पुरे झाल्या. बाण कसब्यांत आजहि उडतात, आणि तेच या लेखाचें खरें कारण आहे. दिवाळींतला बाण म्हणजे त्या लष्करी बाणाचाच धाकटा भाऊ : कागदाची नळी, दारू आणि मागें कामटी. कसब्यांतल्या गल्ल्या अरुंद. दोहों बाजूंना अजून कांहीं जुने वाडे उभे आहेत, ज्यांचे खांब, तुळया, कडीपाट सारें शंभर-दीडशें वर्षांचें वाळलेलें लांकूड. असें लांकूड एकदां पेटलें म्हणजे काय होतें याचा दाखला पेठेच्या दाराशींच आहे. शनिवारवाडा १८२८ सालच्या आगींत जळाला आणि त्यांतून दगडी तट आणि जोतीं तेवढीं उरलीं. दर दिवाळींत अग्निशामक दलाकडे फटाक्यांमुळें लागलेल्या आगींच्या वर्द्या येतात, आणि त्यांत माळ्यावर, गच्चीवर, कौलांवर जाऊन पडलेल्या बाणांचाहि वांटा असतो. मोठीं माणसें म्हणतात, ‘पोरें बेफाम झालीं आहेत.’ पोरें म्हणतात, ‘आम्ही सरळ वर सोडला होता, वाऱ्यानें नेला.’ दोघांचेंहि म्हणणें अपुरें आहे, आणि तें कां अपुरें आहे हें त्या वगळलेल्या वाक्यांतच दडलेलें आहे.

तोफेचा गोळा आणि बाण यांत एक मोठा भेद आहे. गोळ्याला नळीबाहेर पडल्यावर कोणी ढकलीत नाहीं. वारा डावीकडून आला तर तो उजवीकडे सरकतो, हें कोणासहि पटेल. बाण मात्र दारू जळत असेपर्यंत स्वतःला ढकलीत असतो, आणि त्याची कामटी मागें लोंबत असते. बाजूचा वारा त्या लांब शेंपटावर अधिक लागतो, शेंपूट वाऱ्याबरोबर जातें आणि तोंड वाऱ्याकडे वळतें, जसा देवळाच्या मनोऱ्यावरील वातकुक्कुट वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. तोंड जिकडे, ढकलणें तिकडे. म्हणून बाण वाऱ्याबरोबर जात नाहीं. तो वाऱ्यावर चालून जातो! दारू संपल्यावर मग तें रिकामें, हलकें नळकांडें वाऱ्याबरोबर मागें येतें. ज्या मुलाला वाटतें कीं वारा नदीकडे आहे, तेव्हां बाण नदीकडेच जाईल आणि वाडा सुखरूप राहील, त्याचा बाण जळत असतांना नेमका वाड्याकडे जातो. शिवाय अरुंद गल्लींत खालीं वारा जाणवतच नाहीं. दोन मजल्यांच्या आडोशांतून बाण वर निघतो, कौलांच्या रेषेवर येतो आणि तेथें त्याला वारा प्रथमच भेटतो. सोडणारा खालून म्हणतो कीं वारा नव्हता, आणि तो खोटें बोलत नसतो. कामटी मोडकी असेल किंवा मुलांनीं गंमतीनें तोडून आंखूड केली असेल, तर तोंड कोठें वळेल याचा भरंवसाच उरत नाहीं.

हें सारें दहावीच्या विद्यार्थ्याला एका तासांत समजण्यासारखें आहे. आम्हीं तें शिकवीत नाहीं, कारण हवेचा रोध विचारांत घ्यावयाचा नसतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिवाळींत फटाके उडविण्याची वेळ रात्रीं आठ ते दहा अशी बांधून दिली. वेळ बांधणें न्यायालयाच्या हातीं आहे. परंतु पवळे चौकांत कौलांच्या वर त्या वेळीं वारा कोणीकडचा आहे, हें त्या गल्लींतल्या मुलानेंच पाहिलें पाहिजे. प्रस्तुत लेखकाचें मत स्पष्ट आहे : लांकडी वाड्यांच्या गल्ल्यांतून बाण मुळींच उडवूं नयेत, ज्यांना उडवावयाचेच असतील त्यांनीं मोकळ्या मैदानावर जावें. पण नुसतें ‘नको’ म्हटल्यानें चौदा वर्षांचा मुलगा ऐकत नाहीं, हें शिक्षकाइतकें कोणास ठाऊक असणार? त्याला कारण द्यावें लागतें, आणि कारण खरें असावें लागतें.

आतां एक आक्षेप असा येईल, आणि तो हलका नव्हे, कीं आपली शाळा ख्रिस्ती मिशनची. येथें रोज सकाळीं प्रार्थना होते, शांतीचा उपदेश होतो. गोळा कसा उडतो, किती लांब जातो, कोठें पडतो, ही मनुष्यें मारण्याची विद्या आम्हीं मुलांस कां शिकवावी? रॉबिन्सच्या घरच्या मंडळींनीं हाच प्रश्न विचारला असता. याला उत्तर देतांना एक प्रसंग डोळ्यांआड करतां येत नाहीं. पहिल्या महायुद्धांत, १९१८ च्या मार्च महिन्यांत, जर्मनांनीं सुमारें १२० किलोमीटर अंतरावरून पॅरिस शहरावर तोफ डागली. हें अंतर त्या वेळच्या सर्व तोफांच्या टप्प्यापलीकडचें होतें. युक्ति हवेचीच होती. गोळा पंचेचाळीस अंशांहून अधिक कोनांत सोडावयाचा, म्हणजे तो लौकर दाट हवेच्या वर जातो, चाळीस किलोमीटरांच्या आसपास चढतो, तेथें हवा जवळजवळ नसल्यासारखी, आणि मग त्या निर्जन उंचीवर गॅलिलिओची कमान खरोखरच खरी ठरते. पृथ्वी स्वतःभोवतीं फिरते याचाहि हिशेब त्या गोलंदाजांना करावा लागे. इतकी सूक्ष्म विद्या! आणि त्या महिन्याच्या २९ तारखेस, गुड फ्रायडेच्या दुपारीं, त्यांतला एक गोळा सें जर्व्हेच्या देवळावर पडला. प्रार्थनेसाठीं जमलेल्या मंडळीवर छत कोसळलें आणि ऐंशींहून अधिक माणसें ठार झालीं. त्या तोफेच्या नेमाची शिकस्त एवढीच होती कीं गोळा शहरांत कोठें तरी पडेल. तो कोणाच्या डोक्यावर पडणार हें सोडणाऱ्यांस ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नाहीं एवढें मात्र त्यांना पुरतें ठाऊक होतें.

तेव्हां विद्या शिकल्यानें मनुष्य सज्जन होतो, असें आम्हीं म्हणत नाहीं. तसें असतें तर तो गोळा सुटलाच नसता. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ती न शिकल्यानेंहि मनुष्य सज्जन होत नाहीं; फक्त अडाणी राहतो, आणि अडाण्याच्या हातून सुटलेला बाणहि कोणाच्या तरी कौलावरच पडतो. शिवाय हवेचा रोध ही केवळ तोफखान्याची मालकी थोडीच आहे? आषाढांत आपल्या डोक्यावर पडणारा पावसाचा टपोरा थेंब दीड किलोमीटर उंचीवरून येतो असें धरा. हवा नसती तर तो सेकंदास १७० मीटर वेगानें येऊन आदळला असता. छत्र्या, कौलें, पिकें कांहींच उरलें नसतें. हवा त्याला आवरते, आणि तो सेकंदास आठनऊ मीटर वेगानें येऊन मुकाट्यानें पागोळी होतो. सृष्टीच्या कर्त्याची करुणा मुलांना दाखवावयाची तर याहून चांगला पाठ कोणता, हें धर्मशिक्षणाचा तास घेणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनीं सांगावें.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट आहे. या विद्येपासून दूर राहूं म्हणणें पुण्याच्या मुलाला शक्यच नाहीं. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालापासून आहे. १९५८ सालीं स्थापन झालेली आणि पाषाण येथें असलेली शस्त्रसंशोधनाची सरकारी संस्था, जी ‘एआरडीई’ या आद्याक्षरांनीं शहरांत ओळखली जाते, हवेंतून जाणाऱ्या गोळ्यांचा आणि बाणांचाच अभ्यास करते. पिनाक नांवाचे बाण तिच्याच प्रयत्नांचें फळ असून १९९९ सालीं कारगिलच्या युद्धांत त्यांचा उपयोग झाला. एका गाडीवरून बारा बाण पाऊण मिनिटाच्या आंत सुटतात. त्याच संस्थेच्या पुढाकारानें तयार झालेल्या नव्या लांब नळीच्या तोफेचा गोळा २०१७ सालीं पोखरणच्या वाळवंटांत ४७ किलोमीटरांहून पलीकडे गेला. यांतील एक युक्ति सांगण्याजोगी आहे. वेगानें जाणाऱ्या गोळ्याच्या पाठीमागें हवेची पोकळी राहते आणि ती त्याला मागें ओढते. म्हणून गोळ्याच्या बुडाशीं हळूहळू जळणारें द्रव्य ठेवतात. त्याचा वायु ती पोकळी भरून काढतो. तो गोळ्याला पुढें ढकलण्यासाठीं नसतोच, केवळ मागची ओढ कमी करण्यासाठीं असतो. आणि तोफ डागण्यापूर्वीं फुगा सोडून वरच्या थरांतील वारा मोजतात, जसा आपलें हवामानखातें रोज मोजतें. या संस्थांतून काम करणाऱ्या शास्त्रज्ञांत व कारागिरांत मराठी शाळांत शिकलेले पुष्कळ आहेत. मुलें तेथें जावोत किंवा न जावोत, तो निर्णय त्यांच्या व त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीच्या मधला आहे. परंतु तेथें काय चालतें हेंच न कळतां जाणें किंवा न जाणें, दोन्ही सारखींच आंधळीं.

‘अभ्यासक्रम आधींच जड आहे, हवेचें गणित अवघड आहे,’ हा शेवटचा आक्षेप. एक सूत्र लिहून उत्तर काढावें अशा तऱ्हेनें तें अवघड आहे खरें. परंतु पायरीपायरीनें तेंच गणित निव्वळ बेरीज, वजाबाकी, गुणाकारांत होतें. क्रिकेटचा चेंडू घ्या. त्याचें वजन सुमारें १६० ग्रॅम. सेकंदास ४० मीटर वेगानें, म्हणजे जलद गोलंदाजाच्या हातून सुटलेल्या चेंडूवर हवेचा रोध चेंडूच्या वजनाहून किंचित् अधिकच भरतो, हें ऐकून आमच्या संघांतील मुलांनीं डोळे विस्फारले होते. तोच चेंडू सेकंदास ३० मीटर वेगानें पंचेचाळीस अंशांत फेंकला, तर सूत्र म्हणतें ९२ मीटर. आतां अर्ध्या अर्ध्या सेकंदाच्या पायऱ्या पाडा. दर पायरीला वेग किती, त्या वेगाला रोध किती, त्यानें वेग किती घटला, आणि तेवढ्या वेळांत चेंडू किती सरकला, हें एका ओळींत मांडा आणि खालच्या ओळीवर जा. आठ ओळींत चेंडू जमिनीवर येतो, आणि तो येतो ६३ मीटरांच्या आसपास. एकोणतीस मीटर हवेनें खाल्ले! कागदावर आलेख काढला तर दिसतें कीं, कमान दोन्हीकडे सारखी राहिलेली नाहीं; चढण लांब, उतार तीव्र. चेंडू पंचेचाळीस अंशांत वर गेला आणि चौपन्न अंशांच्या आसपास खालीं उतरला. सीमारेषेवरून फेंक करणारा चांगला क्षेत्ररक्षक पंचेचाळीसाहून कमी कोन कां धरतो, हेंहि येथेंच उलगडतें. अमेरिकेंत १९४६ सालीं जगापुढें आलेला तो प्रचंड गणकयंत्राचा पूर्वज याच कामासाठीं बांधला होता : एका गोळ्याच्या मार्गाचें असें पायऱ्यांचें गणित करावयास माणसाला वीसएक तास लागत, यंत्र तें अर्ध्या मिनिटांत करी. आमच्या मुलांना आठच ओळी करावयाच्या आहेत.

तेव्हां मागणी लहान आहे. प्रश्नपत्रिकेंतील तें वाक्य राहूं द्यावें, पण त्याच्या जोडीला वर्षांतून एक तरी प्रश्न असा असावा कीं, ज्याच्या शेवटीं ‘हवेचा रोध विचारांत घ्यावा’ असें लिहिलेलें असेल. आणि दिवाळीच्या सुटीपूर्वींच्या आठवड्यांत, दहावीच्या वर्गानें शाळेच्या मैदानावर चेंडूच्या फेंकी मोजून त्यांचा तक्ता, शेजारीं आठ ओळींचें गणित, आणि बाण वाऱ्याकडे कसा वळतो याचें चित्र, अशीं तिन्ही वाचनालयाबाहेरील फलकावर लावावींत. पन्नास मीटरांची फीत खेळाच्या खोलींत आहे. फेंकीचा वेग काढावयास हल्लीं मोबाइलवर घेतलेलें चलच्चित्र पुरतें, आणि तेवढ्यापुरता तो शाळेंत आणण्यास मुख्याध्यापक परवानगी देतील असा भरंवसा वाटतो.